‘गेलो होतो’ आणि ‘हॅड गॉन’

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा इतिहास असे विषय असावेत हे स्वाभाविक आहे, आणि ते आपल्याकडे झालेही. त्यांच्या पंक्तीत ‘इंग्रजी क्रियापदांचे काळ’ हा विषय येऊन बसलेला पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. मराठी मंडळात इंग्रजीचे व्याकरण कशाला, असे आपल्या कार्यवाहांनीही मला विचारले. त्यांना दिलेले उत्तर येथे पुन्हा देतो. मराठी माणसाचे इंग्रजी जेथे अडखळते, तेथे बहुधा त्याची मराठीच त्याच्या कानात बोलत असते. आणि ती काय बोलते हे मराठी मंडळात नाही ऐकायचे, तर कोठे?

मी भाषाशास्त्रज्ञ नव्हे. बी.ए. झालो, स्पर्धापरीक्षा देऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो, आणि तेव्हापासून टिपणे लिहिणे व दुसऱ्यांनी लिहिलेले मसुदे तपासणे हाच माझा उद्योग आहे. पूर्वी ही तपासणी पेन्सिलीने होई, आता संगणकाच्या पडद्यावर होते, एवढाच फरक. बदल्यांच्या निमित्ताने अनेक प्रांतांतील सहकाऱ्यांचे इंग्रजी वाचावे लागले. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. शब्दाची चूक, स्पेलिंगची चूक, आर्टिकलची चूक ही वाचणाऱ्याला दिसते आणि तो मनातल्या मनात ती दुरुस्त करून पुढे जातो. काळाची चूक तशी दिसत नाही. चुकीच्या काळातले वाक्य अनेकदा व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते. ते फक्त खोटे असते.

आपण सर्वांनी शाळेत काळांचा तक्ता पाठ केला आहे. वर्तमान, भूत, भविष्य हे तीन रकाने, आणि आडवे चार : साधा, अपूर्ण, पूर्ण, चौथ्यात मराठीपुरता रीतिकाळ व इंग्रजीपुरता पूर्ण-अपूर्ण. तीन चोक बारा. तक्ता देखणा आहे, परीक्षेला उपयोगी आहे, आणि घोटाळ्याचे मूळही त्यातच आहे. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. मराठी व्याकरणाची ही जी इमारत उभी राहिली, तिच्या बांधणीत एका बाजूला संस्कृत आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी असे दोन्ही नमुने होते. त्यामुळे ‘पूर्ण वर्तमान’, ‘पूर्ण भूत’ ही नावे दोन्ही भाषांना सारखीच मिळाली. नाव एक म्हणून काम एक, अशी समजूत विद्यार्थ्याने करून घेतली तर दोष त्याचा नाही. पण काम एक नाही. आज मुख्यतः एवढेच सांगायचे आहे.

घरातील तीन वाक्ये घ्या. मुलगा बाहेरून येतो आणि आई त्याला सांगते, “काका आले.” किंवा म्हणते, “काका आले आहेत.” किंवा, “काका आले होते.” पहिले वाक्य ऐकून मुलगा दाराकडे धावतो. दुसरे ऐकून बैठकीच्या खोलीत डोकावतो. तिसरे ऐकून काका कसे आहेत त्यानुसार हळहळतो किंवा सुटकेचा निःश्वास टाकतो. कारण काका आले आणि गेलेसुद्धा. तीन वर्षांच्या मराठी मुलालाही हा भेद कळतो, कोणी न शिकवता. ‘आले होते’ यातील ‘होते’ त्याला सांगते की येण्याची ती अवस्था आता संपली, दार बंद झाले.

आता हाच मुलगा मोठा होऊन कार्यालयात जातो आणि साहेबांना सांगतो, ‘आय हॅड गॉन टु नागपूर यस्टरडे.’ मराठीत हे वाक्य पक्के आहे : “काल मी नागपूरला गेलो होतो.” म्हणजे गेलो आणि परतही आलो, म्हणून तर तुमच्यापुढे उभा आहे. हिंदीतही ‘गया था’ असेच चालते, म्हणून आपले येथील हिंदीभाषक शेजारीही हीच चूक करतात आणि आपल्याला ती चूक वाटेनाशी होते. पण इंग्रज श्रोता हे वाक्य ऐकून थांबून राहतो. नागपूरला गेला होता, कशाच्या आधी? त्याला अजून एक वाक्य हवे असते. इंग्रजीतील ‘हॅड’ दार बंद झाल्याचे सांगत नाही. भूतकाळातील एका क्षणावर उभे राहून त्याच्याही मागे वळून पाहणे, हे त्याचे काम. मागे वळण्यासाठी आधी उभे राहायला जागा पाहिजे. ती जागा दिली नाही तर ‘हॅड’ अधांतरी लोंबते. काल नागपूरला गेलो आणि आलो, एवढेच सांगायचे असेल तर ‘आय वेंट’ पुरे. परत आल्याचे इंग्रजी वाक्य सांगत नाही, पण आपण समोर उभे आहोत हे साहेबांना दिसतेच.

हान्स रायखेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात ही गोष्ट फार स्वच्छ मांडली. क्रियापदाच्या काळात दोन नव्हे, तीन बिंदू असतात, असे त्याचे म्हणणे : बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण, आणि घटनेकडे जेथून पाहिले जाते तो क्षण. साध्या भूतकाळात दुसरा आणि तिसरा एकत्र असतात. ‘हॅव’मध्ये पहिला आणि तिसरा एकत्र असतात, म्हणजे घटना मागची, पण पाहणे आजच्या जागेवरून. ‘हॅड’मध्ये तिन्ही सुटे. तत्त्वज्ञानाची मला गती नाही, परंतु तरुण सहकाऱ्यांना बारा रकान्यांऐवजी हे तीन टिंब कागदावर काढून दाखविले तर त्यांना चटकन उमगते, असा माझा अनुभव आहे.

मराठीत ‘होता’ हे काम करीत नाही असे मात्र नाही. “आम्ही फलाटावर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती,” येथे मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात. ‘द ट्रेन हॅड लेफ्ट.’ गाडीचा शेवटचा डबासुद्धा दिसला नाही. याउलट “पोचलो आणि गाडी सुटली” म्हटले तर ती डोळ्यांदेखत गेली, आणि इंग्रजीतही मग ‘लेफ्ट’ असे साधेच रूप येईल. तेव्हा नियम असा करावा : आपल्या वाक्यात असा दुसरा ‘तेव्हा’ असेल तर ‘होता’चा ‘हॅड’ करावा, नसेल तर ‘होता’ इंग्रजीत नेऊच नये, वेशीवरच सोडावा. ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ असा शब्द वाक्यात असून क्रम त्यानेच स्पष्ट होत असेल, तर इंग्रज स्वतःही पुष्कळदा ‘हॅड’ गाळतो. तो या शब्दाच्या बाबतीत कंजूष आहे, उधळे आपण.

आता ‘हॅव’कडे वळू, कारण नुकसान तेथे अधिक होते.

‘हॅव’चा मूळ अर्थ जवळ असणे, हे आपण जाणतो. ‘मी पत्र लिहिले आहे’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य प्राचीन काळी ‘माझ्याजवळ पत्र लिहिलेल्या स्थितीत आहे’ अशा धर्तीचे होते. पुढे शब्दांचा क्रम बदलला आणि ‘हॅव’ सहायक क्रियापद होऊन बसले. पण आपला मूळ स्वभाव त्याने सोडला नाही. ते वर्तमानकाळी आहे आणि त्याचा पाय आजच्या जमिनीत रुतलेला आहे. म्हणून ‘यस्टरडे’, ‘लास्ट मंथ’, ‘ऑन द ट्वेल्फ्थ ऑफ मार्च’ असे संपून गेलेल्या काळाचे शब्द त्याच्या शेजारी बसू शकत नाहीत. आपल्याला मात्र “आपले पत्र काल मिळाले आहे” यात काहीच खटकत नाही, आणि ‘वी हॅव रिसीव्ह्ड युवर लेटर यस्टरडे’ असे रोज शेकड्यांनी लिहिले जाते. एकतर ‘हॅव’ ठेवून तारीख काढावी, नाहीतर तारीख ठेवून ‘हॅव’ काढावे.

मराठीतील ‘आहे’ इतके सहिष्णू का? माझ्या अल्पमतीने त्याचे कारण असे की, आपले ‘आहे’ नोंद करते. घटना कधीही घडलेली असो, ती खात्यावर जमा आहे, एवढे ते सांगते. “लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे काढली आहेत,” असे आपण आजही अभिमानाने म्हणतो. १९०८ ते १९१४ ही ती वर्षे, आणि टिळक १९२० साली गेले. तरी मराठीत वाक्य शुद्ध, कारण ती सहा वर्षे राष्ट्राच्या खात्यावर जमा आहेत. हेच वाक्य ‘टिळक हॅज स्पेंट सिक्स इयर्स’ असे इंग्रजीत केले, तर टिळक हयात आहेत असा अर्थ होईल. इंग्रजीत माणूस गेला की त्याचे ‘हॅव’ही गेले. तसेच “ज्ञानेश्वरांनी म्हटले आहे” हे. मराठी व्याख्यानात दर पाच मिनिटांनी येणारे हे शब्द इंग्रजी भाषणात ‘ज्ञानेश्वर हॅज सेड’ होऊन उतरतात. तेथे इंग्रज सरळ साधा वर्तमानकाळ वापरील आणि ‘ज्ञानेश्वर सेज’ म्हणेल. ग्रंथ समोर उघडा आहे, ग्रंथकार आत्ता बोलतो आहे. मला ही त्यांची रीत मोठी गोड वाटते.

या ‘आहे’पायी काय होऊ शकते याचे एक उदाहरण सांगतो. कार्यालयाचे नाव, गाव सांगत नाही. त्याची आवश्यकताही नाही. एक कर्मचारी १० जूनपासून न कळविता गैरहजर राहिला आणि २५ जूनला परत रुजू झाला. घरात आजारपण होते. जुलैच्या मध्यास त्याच्याविषयी वरिष्ठ कार्यालयाला पत्र गेले. त्यात वाक्य होते, ‘ही हॅज बीन ॲब्सेंट फ्रॉम ड्यूटी सिन्स द टेंथ ऑफ जून.’ लिहिणाऱ्याच्या मनात मराठी वाक्य असावे : “तो १० जूनपासून गैरहजर राहिला आहे,” म्हणजे गैरहजेरीची नोंद त्याच्या नावावर आहे. मराठीत यावरून तो परत आला की नाही याविषयी निश्चित काही कळत नाही. इंग्रजीत कळते, आणि चुकीचे कळते. ‘हॅज बीन सिन्स’ म्हणजे आज या घटकेपर्यंत गैरहजर. वरिष्ठ कार्यालयाने तसाच अर्थ घेतला, आणि तो घेणे त्यांच्या दृष्टीने बरोबरच होते. त्यांनी उलट विचारले की, जो मनुष्य महिनाभर कामावर नाही त्याचे वेतन काढले कसे जात आहे? वेतन थांबले. रोज वेळेवर येऊन हजेरी लावणारा माणूस कागदावर गैरहजर ठरला. खुलासे, उलटखुलासे, हजेरीपटाच्या प्रती, यात सहा आठवडे गेले. त्याच दिवसांत त्याच्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती. ती त्याने सोसायटीचे कर्ज काढून भरली.

‘ही वॉज ॲब्सेंट फ्रॉम द टेंथ टु द ट्वेंटी-फोर्थ ऑफ जून.’ एवढे वाक्य पाहिजे होते. आजकाल संगणक चुकीच्या शब्दाखाली निळी-तांबडी रेघ ओढतो, त्यामुळे आता व्याकरणाची काळजी नको, असे तरुण मंडळी मला सांगतात. त्यांना मी हेच उदाहरण देतो. ‘हॅज बीन ॲब्सेंट’ या वाक्याखाली कोणताही संगणक रेघ ओढणार नाही. तो माणूस परत आला आहे, हे त्याला कोठून ठाऊक असणार?

याच्याच उलट बाजूची चूक आपण स्वतःविषयी बोलताना करतो. “मी या शहरात वीस वर्षांपासून राहतो,” हे मराठीत शुद्ध वर्तमानकाळी. त्याचे ‘आय ॲम स्टेइंग हियर सिन्स ट्वेंटी इयर्स’ होते. राहणे मागे सुरू होऊन आजपर्यंत पोचले आहे, म्हणजे ‘हॅव’चे हक्काचे क्षेत्र; तेथेच नेमके आपण ते वापरीत नाही. शिवाय आपले ‘पासून’ आरंभबिंदू आणि अवधी दोन्हींना चालते, तर इंग्रजीत बिंदूला ‘सिन्स’ आणि अवधीला ‘फॉर’. ‘आय हॅव लिव्ड हियर फॉर ट्वेंटी इयर्स.’ यातील ‘हॅव’ काढून नुसते ‘लिव्ड’ ठेवले, तर ऐकणारा विचारील, आता कोठे असता?

येथे एक अवांतर सांगू द्या. ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत त्यांच्या कानांवर ‘आय जस्ट एट’, ‘डिड यू ईट येट’ अशी वाक्ये येत असतील. लंडनचा जुन्या वळणाचा मास्तर तेथे ‘हॅव’ मागेल. अमेरिकेत साधा भूतकाळ चालतो, आणि गंमत म्हणजे तो आपल्या “नुकताच जेवलो”, “जेवलास का?” यांच्याशी तंतोतंत जुळतो. नातवाला यावरून टोकू नये.

आतापर्यंत काळ म्हणजे वेळ असे गृहीत धरून बोललो. ते पूर्ण खरे नाही. जेवायला बसताना आई हाक मारते आणि आपण पुस्तकातून डोके वर न काढता ओरडतो, “आलो, आलो!” रूप भूतकाळाचे, येणे मात्र अजून व्हायचेच आहे, आणि बहुधा पुढची दहा मिनिटे होणार नाही. अंगावर पाल पडली की “मेलो!” म्हणतो तो जिवंतच असतो. “तो आला की मी निघेन,” “पाऊस पडला तर सामना होणार नाही,” या वाक्यांतले ‘आला’ आणि ‘पडला’ उद्याचे आहेत. मराठी येथे घटना पुरी झालेली कल्पून तिच्यापलीकडचे बोलते. इंग्रजीची युक्ती निराळी. ‘विल’ एकदा मुख्य वाक्यात आले की पोटवाक्यात ते पुन्हा घ्यायचे नाही. तेथे वर्तमानकाळ पुरतो : ‘इफ इट रेन्स’, ‘व्हेन ही कम्स’. दोघी वेगळ्या वाटेने जातात, पण पोटवाक्यात भविष्यकाळ नको यावर दोघींचे एकमत आहे.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या येथे जबलपुरात वाढलेल्या मुलांच्या तोंडी मला आता “जेव्हा तो येईल तेव्हा मी जाईन” असे मराठी ऐकू येते. हे ‘जब वह आएगा तब मैं जाऊँगा’ याचे मराठी लिपीतले रूप आहे. व्याकरणात त्याला चूक म्हणता येणार नाही, पण आपल्या आज्या असे बोलत नव्हत्या. आणि तीच मुले शाळेत ‘व्हेन ही विल कम’ लिहितात व गुण गमावतात. हिंदीवर माझा राग नाही. तिच्या मुलखात आपण पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदलो आहोत. तथापि ज्या मुलाच्या जिभेवर ‘तो आला की’ आहे, त्याला इंग्रजी नियमाची अर्धी वाट घरातच चालून झालेली असते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. इंग्रजी सुधारावे म्हणून घरातील मराठी बंद करणारे पालक मी पाहतो, तेव्हा त्यांना हे कसे सांगावे ते मला कळत नाही.

इंग्रजीत भूतकाळाचे रूप म्हणजे अंतराचे रूप, असे समजले की पुष्कळ गाठी सुटतात. ते अंतर वेळेचे असेल. वास्तवापासूनचे असेल, जसे ‘इफ आय वेअर अ मिनिस्टर’. किंवा अदबीचे असेल, ‘आय वॉन्टेड टु आस्क’. अदबीचा हा प्रकार आपल्यालाही परका नाही. वरिष्ठांच्या खोलीत जाऊन “मला जरा बोलायचे होते” म्हणतो तेव्हा बोलायचे आत्ताच असते. ‘होते’ने आपण एक पाऊल मागे सरकून उभे राहतो. नाव नीट ऐकू आले नाही तर “आपण काय म्हणालात?” असे विचारण्याऐवजी “आपले नाव काय होते?” असेही कोणी कोणी विचारतात. भूतकाळ मऊ असतो.

आणि या मऊपणापायीच सरकारी इंग्रजीत एक रोग पसरला आहे. ‘द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे.’ अशी पत्रे माझ्या टेबलावर दर आठवड्यास येतात. लिहिणाऱ्याला वाटते, ‘विल’ जरा उद्धट, ‘वुड’ नम्र; कारण ‘वुड यू प्लीज’ नम्र असते. परंतु ‘वुड’ची नम्रता गोष्ट दूर सारण्यात आहे. एखाद्याला विनंती करताना तिला दूर ठेवणे शोभते. सभेला दूर ठेवले तर सभा होईल की नाही याचीच शंका येते. इंग्रज वाचक विचारील : होईल, पण कशावर अवलंबून? अशा ‘वुड’च्या जागी मी मुकाट्याने ‘विल’ करतो.

‘विल’ हेही मुळात काळाचे चिन्ह नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ इच्छा असणे, आणि ‘शॅल’चा अर्थ देणे लागणे. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे जे बृहद्‌व्याकरण १९८५ साली निघाले, त्यात इंग्रजीला काळ दोनच, वर्तमान आणि भूत; भविष्यकाळ म्हणून क्रियापदाचे स्वतंत्र रूप नाही, असे मानले आहे. आपल्या ‘करीन’, ‘जाईन’ यांसारखे एका शब्दाचे भविष्य त्यांच्याकडे नाही. आणि ‘शॅल’मधील ते जुने देणे कायद्याच्या कलमांत अजून शिल्लक आहे. कलमात ‘शॅल’ आले की तेथे भविष्य नसते, कर्तव्य असते.

अपूर्णकाळाविषयी फार बोलत नाही, कारण त्यावर पुरेशी थट्टा झालेली आहे. निस्सिम इझिकेल यांनी भारतीय धाटणीच्या इंग्रजीत ज्या कविता लिहिल्या, त्यांतली माणसे सारखी ‘इंग’ लावून बोलतात. मला माहीत आहे, मला दोन भाऊ आहेत, मला वाटते आहे : आपला ‘आहे’ दिसला की हात ‘ॲम’कडे जातो आणि ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ होते. जे चालू करता येत नाही आणि थांबवता येत नाही, त्याला ‘इंग’ लागत नाही. जाणणे, असणे, आवडणे ही अवस्था. धावणे, लिहिणे ही कृती. हसण्याखेरीज या चुकीने कोणाचे फारसे बिघडत नाही.

एका ठिकाणी मात्र बिघडते, ते सांगून थांबतो. विभागीय चौकशीत साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो आणि जबाब इंग्रजीत उतरतो. मराठी दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे उचलून ठेवते : “ते म्हणाले, पैसे मिळाले आहेत, मी उद्या पावती देतो.” यात ‘आहेत’ही त्यांचे, ‘मी’ही त्यांचा आणि ‘उद्या’ही त्यांचाच. इंग्रजीत ‘ही सेड’ म्हटले की पुढची सगळी वरात एक पाऊल मागे सरकते : ‘दॅट द मनी हॅड बीन रिसीव्ह्ड, अँड दॅट ही वुड गिव्ह द रिसीट द नेक्स्ट डे.’ ज्या ‘हॅड’ला आणि ‘वुड’ला मघापासून आपण बाहेर काढीत आलो, त्यांचे हे खरे घर. येथे ‘हॅज बीन’ असे ठेवले, तर पैसे मिळाल्याचे विधान त्या गृहस्थांच्या तोंडून निघून जबाब देणाऱ्याच्या पदरात पडण्याचा संभव असतो. पैसे मिळाले असे तोच म्हणतो आहे, असे उद्या कोणी वाचू शकेल. म्हणून जबाबावर सही करण्यापूर्वी तो आपल्या भाषेत वाचून दाखवावा, असा आग्रह साक्षीदाराने अवश्य धरावा. आपल्या मंडळात नोकरीपेशाची मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणावर असा प्रसंग न येवो, पण आलाच, तर क्रियापदे मोजून पाहावीत.

मंडळाच्या ग्रंथालयात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आहे. पाने पिवळी पडली आहेत, वाक्ये जुनाट आहेत, परंतु मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजीत उतरविण्याची तिची पद्धत माझ्या मते अजून शिळी झालेली नाही. कार्यवाहांच्या अनुमतीने येत्या रविवारपासून सकाळी दहा ते अकरा मी ग्रंथालयात बसणार आहे. आठवीपासून पुढच्या मुलामुलींना पाठवावे; नोकरीत नव्याने लागलेल्यांनीही यावे. येताना आपला स्वतः लिहिलेला एखादा इंग्रजी निबंध, अर्ज किंवा टिपण आणावे. आधी त्यातील प्रत्येक वाक्य तोंडी मराठीत सांगायचे, मग क्रियापद तपासायचे, असा क्रम राहील. फळा आहे, खडू मी आणीन.